फिल्म लावणारे पुष्कळ, काढणारे मोजके

सेकंड हँड बाजारात आलेली मर्सिडीज एस-क्लास. बाहेरचा रंग अजून चकाकतो, सीटचं चामडं शाबूत आहे. पण मागच्या काचेवरची काळी फिल्म जांभळी पडली आहे आणि तिच्यावर फोड उठले आहेत. पॉलिश मारून गाडीचं वय लपवता येतं, फिल्मचं लपत नाही. स्वस्त फिल्मचा काळेपणा रंगद्रव्यांच्या मिश्रणातून येतो. उन्हाने त्यातली काही आधी विटतात आणि मागे राहते ती जांभळट छटा. फोड हे गमाचं दुखणं. वर्षानुवर्षं तापून त्याची पकड सुटते आणि फिल्म काचेपासून उचलली जाते.

फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचे पातळ थर. काचेच्या बाजूला गम, आतल्या बाजूला ओरखडे रोखणारा कडक लेप आणि प्रतीप्रमाणे रंग, धातू किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म कण. सगळं मिळून जाडी बहुधा चाळीस-पन्नास मायक्रॉन. या धंद्यातलं एक मोठं नाव आपल्याच राज्यातलं आहे. १९५७ साली स्थापन झालेली आणि पुढे बरीच वर्षं ‘गरवारे पॉलिएस्टर’ म्हणून ओळखली गेलेली ‘गरवारे हाय-टेक फिल्म्स’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्यात पॉलिएस्टर फिल्म बनवते. गाड्यांच्या काचांसाठीची तिची फिल्म परदेशातही जाते.

फिल्म लावून देणारी दुकानं प्रत्येक शहरात आहेत. पण कारागिराचा कस लागतो तो जुनी फिल्म उतरवताना, आणि त्यातही मागच्या काचेवर. तिथे दिसणाऱ्या बारीक आडव्या रेघा म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणारा डिफॉगर. चांदीयुक्त लेपाच्या या रेघा काचेच्या आतल्या अंगावर छापलेल्या असतात आणि फिल्म नेमकी त्यांच्यावरच चिकटलेली असते. बऱ्याच महागड्या गाड्यांत रेडिओचा अँटेनाही याच काचेत असतो. घाईने ब्लेड फिरवलं की रेघ तुटते. मग पावसाळ्यात सगळी काच स्वच्छ होते आणि तेवढा एक पट्टा धुरकट राहतो. एखादी रेघ चांदीच्या रंगाने सांधता येते. जास्त तुटल्या तर काचच बदलावी लागते.

म्हणून जाणता कारागीर कामाची सुरुवात टॉवेलांनी करतो. मागच्या सीटवर, सीटमागच्या फळीवर, तिथल्या स्पीकरवर आणि दारांच्या पॅडवर जाड टॉवेल पसरतो, कारण पुढे पाणी वापरायचं असतं आणि या गाड्यांच्या दारांत बटणं, मोटारी आणि वायरिंग ठासून भरलेलं असतं. मग बाहेरून वाफ किंवा हीट गनची ऊब देऊन गम मऊ करतो. एका कोपऱ्यात नखाने फिल्म उचलतो आणि रेघांच्या दिशेने, अगदी सावकाश, मागे दुमडत ओढतो. ओढ थोडी वाढली तर वरचा थर हातात येतो आणि खालचा गमासकट काचेवरच राहतो. उरलेला गम साबणाच्या पाण्याने भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि कापडाने काढायचा. अमोनिया मारून काच काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हात तापवण्याचा जुना उपाय आहे, पण बंद गाडीतली ती वाफ माणसाला सोसत नाही आणि चामड्यालाही बाधते. बाजूच्या काचांना रेघा नसतात. तिथे ब्लेड चालतं, तेही काच ओली ठेवून.

नवी फिल्म लावण्याआधी ती किती गडद असावी हे ठरवावं लागतं आणि इथे कायदा आडवा येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, टक्केवारी कितीही असो, काचेवर वेगळी फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियम बदलले आणि १ एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचांनाही त्यांत जागा मिळाली. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली. निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रात गाडी अडवणारा पोलीस २०१२ च्या आदेशावर बोट ठेवू शकतो, हे गृहीत धरूनच पैसे घालावेत.

गणितही नीट करावं. काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते. ७५ टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली की उरतात साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला ते चालतं, मागच्या काचेला नाही. शिवाय बऱ्याच आलिशान गाड्यांच्या बाजूच्या काचाही दुपदरी असतात. त्यांच्यामधला प्लॅस्टिकचा थर जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. तिथे फिल्मचं काम उरतं ते उष्णता रोखण्याचं. त्यासाठी फिकी सिरॅमिक फिल्म उत्तम. धातूच्या फिल्ममुळे जीपीएस आणि मोबाइलचा सिग्नल मंदावू शकतो.

लावण्याचं काम पाण्याचं. फिल्म काचेच्या बाहेरून बेतायची, गरम हवेने आकसवून काचेच्या गोलाईवर बसवायची, मग आतून शाम्पूच्या पाण्यावर सरकवत जागेवर आणून रबरी पट्टीने पाणी निपटून काढायचं. चौकट नसलेल्या दारांची काच दार उघडताना किंचित खाली उतरते, म्हणून तिथे वरची कड जराशी आखूड ठेवतात. नंतर तीन-चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आत धुकट ठिपके दिसले तर घाबरू नये; ते राहिलेलं पाणी असतं, काही आठवड्यांत वाळतं.

दुकानदार नव्या फिल्मचे नमुने पुढे टाकेल, वॉरंटीची वर्षं सांगेल. ते ऐका, बिलावर प्रकाशाची टक्केवारी लिहून घ्या आणि काम झाल्यावर मीटर लावून मोजायला सांगा. पण सगळ्यात आधी एकच विचारा: मागच्या काचेवरची जुनी फिल्म कशी काढणार? उत्तरात पहिला शब्द ब्लेड आला, तर किल्ली परत घ्या.