'हेवीवेट' या संज्ञेची वाढती काया

मुष्टियुद्धातील वजनगटांची नावे ऐकली, की ती सारी एकाच साच्यातून निघाली असावीत असा समज होतो. वस्तुतः त्यांपैकी शेवटचे नाव मुळातच निराळ्या जातीचे आहे. लाइटवेट म्हणजे १३५ पौंडांपर्यंतचा, वेल्टरवेट म्हणजे १४७ पौंडांपर्यंतचा, मिडलवेट म्हणजे १६० पौंडांपर्यंतचा मुष्टियोद्धा. या प्रत्येक संज्ञेला वरून झाकण आहे. हेवीवेट या संज्ञेला मात्र केवळ बूड आहे. अमुक वजनाच्या पुढचा कोणीही, एवढाच तिचा अर्थ. हेवीवेट मुष्टियोद्धे पिढीगणिक धिप्पाड का होत गेले, या प्रश्नाचा विचार करताना माणसाच्या शरीराआधी या व्याख्येकडे पाहणे इष्ट ठरते. वेल्टरवेट योद्धा शंभर वर्षांपूर्वी १४७ पौंडांचा होता आणि आजही तेवढाच आहे. त्याला वाढण्याची मुभाच नाही.

वाढ झाली आहे, याविषयी दुमत नाही. १८९७ साली कार्सन सिटी येथे जेम्स कॉर्बेटचा पाडाव करून बॉब फिट्झसिमन्स विश्वविजेता झाला, तेव्हा त्याचे वजन १६७ पौंड नोंदले गेले. आजच्या गटवारीत तो सुपर मिडलवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या कितीतरी पायऱ्या खाली बसेल. १९१९ साली अजिंक्यपद मिळविताना जॅक डेम्प्सी १८७ पौंडांचा होता. १९५२ ते १९५६ या काळात ते पद भूषविणारा आणि एकही लढत न हरलेला रॉकी मार्सियानो साधारणतः तेवढ्याच वजनाचा. १९७४ साली किन्शासा येथे महंमद अली व जॉर्ज फोरमन समोरासमोर आले, तेव्हा दोघेही २१५ ते २२० पौंडांच्या घरात होते. पुढे लेनॉक्स लुइस आणि क्लिच्को बंधू यांच्या काळात २४० पौंड ही नित्याची गोष्ट झाली, आणि २०२० साली टायसन फ्युरी २७३ पौंडांनिशी रिंगणात उतरून विजयी झाला.

परंतु पूर्वी अतिकाय योद्धे नव्हतेच, असे मात्र नाही. डेम्प्सीने ज्याला तीन फेऱ्यांत निकालात काढले, तो जेस विलार्ड साडेसहा फूट उंच आणि सुमारे २४५ पौंड वजनाचा होता. १९३३ साली विश्वविजेता झालेला इटलीचा प्रिमो कार्नेरा २६० पौंडांहून अधिक भरे. या दोघांकडे त्या काळचे प्रेक्षक काहीशा जत्रेतील कुतूहलाने पाहत. महाकाय मनुष्य मंद असणार, त्याला पायांची चपळाई व ठोशांची जुळणी साधणार नाही, हे गृहीतच धरले जाई आणि बहुधा ते खरेही ठरे. तेव्हा खरा प्रश्न असा, की मोठी माणसे कुशल मुष्टियोद्धे कधी व कशी झाली.

प्रथम व्याख्येचा हिशेब पुरा केला पाहिजे, कारण वाढीचा काही भाग निव्वळ कागदावरचा आहे. लाइट हेवीवेट गटाची १७५ पौंडांची मर्यादा रूढ झाल्यावर त्यापुढचे सारे हेवीवेट गणले जात. १९७९ साली क्रूझरवेट हा नवा गट मध्ये घालण्यात आला व हेवीवेटचे बूड १९० पौंडांवर गेले. २००३च्या सुमारास ते २०० पौंडांवर नेण्यात आले. एखाद्या वर्गातील बुटकी मुले दुसऱ्या वर्गात धाडली, तर कोणाचीही उंची न वाढता त्या वर्गाची सरासरी वाढते. डेम्प्सी व मार्सियानो यांना आज हेवीवेट म्हणताच येणार नाही. नियमानुसार ते क्रूझरवेट ठरतील. निरनिराळ्या काळांतील विजेत्यांची तुलना करणारे रसिक हा फरक सहसा लक्षात घेत नाहीत आणि मग एकाच शब्दाखाली दोन निराळ्या वस्तूंची तुलना करीत बसतात.

उरलेली वाढ खरी आहे. सुधारलेले पोषण व घटलेले बालपणीचे आजार यांमुळे औद्योगिक देशांत माणसांची उंची वाढली, हे कारण सर्वांनाच प्रथम सुचते. सरासरीतील अल्प वाढीचा टोकाला फार मोठा परिणाम होतो, हेही ध्यानात ठेवावे. समजा, एखाद्या समाजात पुरुषांची सरासरी उंची १७५ सेंटिमीटर असून सरासरीपासूनचे प्रमाण विचलन ७ सेंटिमीटर आहे. तेथे १९५ सेंटिमीटरहून उंच पुरुष हजारी सुमारे दोन निघतील. सरासरी १८० झाली, तर ते हजारी सुमारे सोळा होतील. तथापि एवढ्याने भागत नाही. अमेरिकी पुरुषांची उंची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ स्थिरावली, आणि हेवीवेट योद्ध्यांची मोठी वाढ तर त्यानंतरची आहे. शिवाय अमेरिकेतील उंच व दणकट तरुणांना बास्केटबॉल आणि तेथील फुटबॉल यांनी अधिक पैसा व कमी मार यांचे आमिष दाखवून आपल्याकडे ओढले.

मग हे नवे धिप्पाड योद्धे आले कोठून? बव्हंशी अमेरिकेबाहेरून. सोव्हिएत गटातील देशांत व क्यूबामध्ये धंदेवाईक मुष्टियुद्धाला मज्जाव होता. क्यूबाचा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा तेओफिलो स्टीव्हनसन याने १९७२, १९७६ व १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली, पण धंदेवाईक इतिहासात त्याची नोंद नाही. त्या देशांत उंच मुलांना लहानपणापासून शास्त्रशुद्ध शिक्षण मिळे. केवळ ते जागतिक बाजारापासून दूर होते. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि १९९६ साली युक्रेनचे व्हिताली व व्लादिमिर क्लिच्को हे बंधू धंदेवाईक झाले. कार्नेराची उंची आणि हौशी मुष्टियुद्धातील कसून घोटलेले तंत्र असा संयोग त्यांच्या ठायी दिसला.

शिक्षणपद्धतीही बदलली. वजने उचलल्याने स्नायू आखडतात व हात मंदावतो, अशी जुन्या प्रशिक्षकांची श्रद्धा होती. १९८५ साली मायकेल स्पिंक्स या लाइट हेवीवेट विजेत्याने नियोजित आहार व व्यायाम यांच्या बळावर २०० पौंड गाठून लॅरी होम्सला हरविले, तेव्हा त्या श्रद्धेला तडा गेला. निषिद्ध औषधांचाही यात वाटा असावा. चाचण्यांत सापडलेले योद्धे पाहता तो नाकारता येत नाही, पण किती हे मोजणे दुरापास्त आहे. लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या, हेही अवजड शरीराच्या पथ्यावर पडले. दमाची कसोटी शेवटच्या फेऱ्यांतच लागते.

असे असले तरी वाढीला निसर्गाचीही मर्यादा आहे. शरीराचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते, स्नायूंचे बळ त्यांच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. सात फूट उंचीच्या निकोलाय वालुयेव्हला २००९ साली त्याच्याहून जवळजवळ १०० पौंडांनी हलक्या डेव्हिड हेने गुणांवर हरविले. २०२४ साली रियाध येथे, पूर्वी क्रूझरवेट असलेल्या ओलेक्सांद्र उसिकने सुमारे ४० पौंडांनी जड अशा फ्युरीवर मात केली.

म्हणून हलक्यांची चिंता मिटली, असे नव्हे. वेल्टरवेट योद्धा अजिंक्यपदाच्या लढतीपूर्वी एका पौंडाने जास्त भरला तरी त्याला ते पद जिंकता येत नाही. हेवीवेट गटात मात्र शंभर पौंडांची तफावत नियमबाह्य नाही, आणि डोक्यावर बसणारे ठोसे तर दोघांनाही सारखेच सोसावे लागतात. २०२० साली एका जागतिक संघटनेने २०० ते २२४ पौंडांचा ब्रिजरवेट हा आणखी एक गट निर्माण केला. तो सर्वत्र रूढ झाला, तर हेवीवेटचे बूड पुन्हा एकदा वर सरकेल. झाकण मात्र त्यालाही नसेल.