रडणारें मूल आणि एकतर्फी निकाल

घरांत मूल जन्मून चार दिवस होत नाहींत तोंच त्याच्या आईवर एक खटला उभा राहतो. पाजून खालीं ठेवावें तों तें मूल पुन्हां तोंड वळवितें, मुठी चोखतें, रडतें; आणि माजघरांतील वडील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात कीं, हिला दूधच पुरत नाहीं! आरोपी म्हणजे बाळंतीण, झोपेवांचून अर्धमेली झालेली. तिची बाजू मांडण्यास कोणी नाहीं. परभणींत काय, सेलू-मानवतास काय, हा एकतर्फी निकाल इतक्या घरांत कानीं पडतो कीं, त्याची फेरतपासणी करणें आम्हांस अवश्य वाटतें. अंमलबजावणी तर तत्काळच होते. संध्याकाळीं घरधनी दुकान बंद करून येतांना पावडरीचा डबा व बाटली घेऊन येतो. त्याचा हेतु चांगला असतो याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आतां वस्तुस्थिति पाहूं. पहिल्या दिवशीं अर्भकाचें पोट इतकें लहान असतें कीं, एका वेळेस चमचाभर दूध त्यास पुरें होतें. त्या दिवसांत येणारें दाट, पिवळसर चिकाचें दूध थोडेंच असतें, आणि तें थोडें असणें हेंच योग्य होय. भरघोस दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें. आईचें दूध लवकर पचतें, म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळां अंगावर येणें ही नवजात मुलाची साधी रीत आहे. कित्येक मुलें दिवेलागणीच्या सुमारास तर अर्ध्या अर्ध्या तासानें पितात. तिसऱ्या व सहाव्या आठवड्याच्या आसपास भूक एकाएकीं वाढल्यासारखी दिसते. रडण्याचा जोरहि दीड महिन्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो, मग तें मूल अंगावर पिणारें असो वा बाटलीवर. शिवाय मूल रडतें तें नेहमीं भुकेनेंच असें कोणीं ठरविलें? कधीं लंगोट ओला असतो, कधीं पोटांत वारा धरतो, कधीं त्यास नुसती आईची ऊब पाहिजे असते.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस पुढील गोष्ट त्यांच्याच भाषेंत सांगतों. मोंढ्यांत माल कमी पडला तर तो बाहेरगांवाहून मागवितां येतो, आणि आपल्या शेतांतल्या पिकास त्यानें कांहीं बाध येत नाहीं. अंगावरच्या दुधाचा व्यवहार याच्या उलट आहे. येथें उचल होईल तेवढीच आवक. मूल जितकें ओढून घेईल तितकें पुढें तयार होतें. दूध भरून राहिलें तर शरीर आपला कारखाना आवरता घेतें. बाटलीनें भरलेलें मूल तीन-चार तास झोपतें, तेव्हां निकाल बरोबर ठरला असें घरच्यांस वाटतें. इकडे तेवढ्या वेळांत आईचें दूध न उपसल्यामुळें कमी होतें, दुसऱ्या दिवशीं डब्यांतील दोन मापें अधिक लागतात, आणि महिन्याभरांत तें खरोखरच आटतें. म्हणजे आरोपाचा पुरावा शिक्षेनंतर तयार होतो! पुढें डबा महाग पडूं लागला कीं पावडर पातळ करण्यांत येते; बाटली नीट उकळली जात नाहीं; आणि जुलाब मागाहून येतात.

खरी तपासणी अगदीं सोपी आहे. नुसत्या नजरेच्या अंदाजानें कोणी कापूस घेत नाहीं, तराजू लावतो. मुलासहि तोच लावावा. पहिल्या कांहीं दिवसांत वजन थोडें घटतें, परंतु तें दहाव्या हिश्श्याहून अधिक घटूं नये. सुमारें दोन आठवड्यांत जन्माचें वजन भरून यावें व पुढें रोज २० ते ३० ग्रॅम वाढावें. पांचव्या दिवसानंतर दिवसांत सहा वा अधिक लंगोट ओले होत असतील व लघवी फिकी असेल, तर मुलास दूध पोंचत आहे असें समजावें. पाजतांना मुलाचें तोंड मोठें उघडून बोंडाभोंवतींचा काळा भागहि आंत गेला पाहिजे. नुसतें बोंड चोखलें तर आईस चिरा पडतात व मूल उपाशी राहतें. पुष्कळ घरांतील सारें कोडें या एवढ्यांतच असतें.

दूध कधींच कमी पडत नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मूल सुस्त पडतें, चोखत नाहीं, लघवी कमी होते, अंग पिवळें पडत जातें किंवा वजन भरत नाहीं, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. आणि त्यानें वरचें दूध सांगितल्यास तें द्यावें. त्यांत आईच्या अब्रूचा प्रश्न नाहीं. मुंबईस शीव येथील रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी काढली ती अशाच, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, मुलांसाठीं. तिकडे गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतील बायांस शिकवून नवजात मुलांची घरोघर तपासणी चालविली, आणि तेथील नवजातांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच धर्तीवर आज 'आशा' ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येतात. तराजू त्यांच्या पिशवींतच असतो. त्यांस दारांतूनच परत लावणारीं सुशिक्षित घरें पाहिलीं म्हणजे आमची मति कुंठित होते.

मध चाटविण्याची चाल तर बंदच झाली पाहिजे. वर्षाच्या आंतील मुलास मधांतून प्राणघातक विषबाधा होऊं शकते. वैशाखांत परभणीचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हां मुलाचा घसा सुकेल म्हणून पाणी पाजतात. आईच्या दुधांत शेंकडा सत्त्याऐंशीच्या सुमारास पाणीच असतें. उन्हाळ्यांत मूल अधिक वेळां पाजावें, आईनें स्वतः पाणी भरपूर प्यावें. सहा महिने मुलास वेगळ्या पाण्याची गरज नाहीं.

औषधविक्रेत्यांसहि दोन शब्द. १९९२ चा अर्भक-दुग्धपर्याय कायदा विक्रीस बंदी करीत नाहीं. परंतु अशा पावडरीची व बाटलीची जाहिरात करणें, आईस फुकट नमुना वा भेट देणें, डब्यावर बाळाचें चित्र छापणें, हे सर्व त्यानें निषिद्ध केलेले प्रकार आहेत, आणि जाहिरात किंवा नमुना यांबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. डबा मागावयास आलेल्या बापास "मुलाचें वजन केलें काय?" एवढें विचारल्यानें दुकानाचें फारसें नुकसान होणार नाहीं.

वारंवार पाजण्यास मूळ पाहिजे ती सवड. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यानें कामावर परतलेल्या आईस, मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत, नेहमींच्या सुट्टीखेरीज दिवसांत दोनदां पाजण्यास वेळ दिला, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती तरतूद आहे. दहा वा अधिक नोकर ठेवणाऱ्या आमच्या किती दुकानदारांस ती ठाऊक आहे? आणि दिवाळीच्या सुमारास सोनपेठ-गंगाखेडकडून ऊसतोडीस जाणारी बाई तर या हिशेबांतच नाहीं. उचल आधींच घेतलेली, नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि खाडा पडला तर पैसे कापले जाणार. तिचें मूल फडाच्या कडेला झोळींत रडतें, तेव्हां त्याचें रडणें भुकेचेंच असतें, आणि तिला दूधहि असतें.