जुन्या विंडोजची मुदत कोण ठरवतो?

दुकानातला बिलाचा संगणक रोज सुरू होतो, प्रिंटर चालतो, मग विंडोज बदलायची कशाला, असे आपले अनेक व्यापारी बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाठिंबा संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. फक्त त्यात नव्याने सापडणारी भोके बुजवणे कंपनी थांबवते.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी संपवला. गूगलने मात्र आपला क्रोम ब्राउझर एक्सपीवर चालू ठेवला. आधी एप्रिल २०१५, मग २०१५ अखेर, शेवटी एप्रिल २०१६ अशी मुदत वाढत गेली, कारण लाखो लोक एक्सपीच वापरत होते. हा सारा व्यवहार आहे. प्रत्येक जुन्या आवृत्तीवर प्रोग्राम वेगळा तपासावा लागतो, नव्या सोयी तिच्यात नसल्या तर आडवाट काढावी लागते. गिऱ्हाईक भरपूर असेपर्यंत हा खर्च परवडतो. विंडोज ७ लाही क्रोमने अशीच मुदत वाढवून दिली. पण मायक्रोसॉफ्टचा पैसे घेऊन दिला जाणारा जादा पाठिंबा जानेवारी २०२३ मध्ये संपला आणि पुढच्याच महिन्यात क्रोमनेही दार लावले.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीलाही दुरुस्ती दिली. परंतु बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते! त्यांची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, कोणी बसवली नव्हती.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवण्यात आली. विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारतच नाही, म्हणजे खर्च नव्या संगणकाचा.

तेव्हा मायक्रोसॉफ्टची तारीख पाहून थांबू नका. हिशेबाचा प्रोग्राम देणाऱ्याला विचारा : तुमची पुढची आवृत्ती माझ्या विंडोजवर चालेल का? बँकेचा व्यवहार आणि जीएसटीचे विवरण त्याच संगणकावरून होत असेल तर बदल लांबवू नये. भरतकामाचे किंवा कटिंगचे मशीन जुन्याच विंडोजवर चालत असेल तर तो संगणक खुशाल ठेवा, पण त्याचे इंटरनेट काढा. डिझाईन पेनड्राइव्हने न्या, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला वापरू नका.