आवडीचे वय

तरुणपणी ज्या गोष्टीवर आपण जीव टाकतो ती प्रौढपणी फिकी वाटू लागते. आणि जिच्याकडे पाठ फिरवली तीच एखादे दिवशी जवळची होते. संगीताच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. ‘रॉक’ नावाच्या पाश्चात्त्य धर्तीच्या संगीतावरून आमच्या कित्येक वाचककुटुंबांत बापलेकांचे खटके उडत असतात. म्हणून त्याच क्षेत्रातील एक उदाहरण आज आम्ही पुढे ठेवीत आहो.

मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे हैदराबाद शहरात मराठी घरे पूर्वीपासूनच आहेत. तेथील मलकपेठेत राहणारे, आमच्या परिचयाचे एक कॅथलिक गृहस्थ तरुणपणी शिक्षणासाठी मुंबईस होते. त्या काळी आपल्याकडील असले बहुतेक वाद्यवृंद परदेशी गाणीच वाजवीत. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वृंदाचा आरंभही तसाच झाला. परंतु लवकरच ही मंडळी स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गाऊ लागली. उदय बेनेगल यांचा कंठ आणि महेश तिनईकर यांची गिटार यांनी तरुणांना वेड लावले. १९८८ साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा पहिला गीतसंग्रह निघाला आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा. आमच्या या स्नेह्यांनी दोन्ही कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या.

१९९३ साली वृंदाने आपले नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे नवे नाव घेतले. सिंधू नदीची आठवण देणारे हे नाव. पण आमच्या स्नेह्यांस तो विश्वासघात वाटला! १९९५ साली नव्या नावाचाच संग्रह आला, तो त्यांनी एकदाच ऐकून कपाटात टाकला. पुढे १९९७ साली वृंदच मोडला, तेव्हा ‘हे होणारच होते,’ असे म्हणून ते मोकळे झाले.

वृंद २०१० साली पुन्हा जुळला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह निघाला. मधल्या सतरा वर्षांत स्नेह्यांचे केस पिकले होते आणि घरात वाढता मुलगा होता. त्याच्या संगीतावरून पितापुत्रांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. हा नवा संग्रह मुलानेच घरी आणला आणि बापास ऐकवला. त्या रात्री कपाटातली १९९५ ची कॅसेट बाहेर निघाली. ज्या गाण्यांत पूर्वी त्यांना नुसता थंडपणा दिसला होता, त्यांत आता त्यांना विचार आढळला. उलट, १९८८ च्या ज्या गर्जनेवर ते फिदा होते, तीत परक्यांचा बराच आवाज मिसळला आहे हे त्यांस कळले. तरीही ती पहिली कॅसेट त्यांनी टाकली नाही. ‘स्वतःचे गाणे गाण्याचे धैर्य हिनेच दाखवले,’ असे ते मुलास सांगतात. कॅसेटमधले सूर तर होते तेच होते; बदलला होता तो ऐकणारा.

याच रीतीने मत बदलल्याचे मोठे उदाहरण व्हॅटिकनचेच आहे. बीटल्स वृंदाचे जॉन लेनन यांनी १९६६ साली आपला वृंद येशूहूनही लोकप्रिय असल्याचे विधान केले, तेव्हा ख्रिस्ती जगात मोठा क्षोभ झाला. अमेरिकेत त्यांच्या तबकड्या जाळल्या गेल्या. २००८ साली ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या व्हॅटिकनच्या दैनिकाने त्या विधानाकडे, अनपेक्षित यशाने गोंधळलेल्या एका तरुणाची फुशारकी म्हणून क्षमाशील दृष्टीने पाहिले. पुढे २०१० साली त्याच पत्राने उत्तम अशा दहा गीतसंग्रहांची यादी छापली; तीत बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ होता. तो निघाला होता १९६६ सालीच, त्या क्षोभाच्याच वर्षी!

याचा अर्थ कानावर पडेल ते सारे चांगले, असा नव्हे. अमंगळ शब्दांना घरात थारा नसावा, हे आम्ही निक्षून सांगू. परंतु निवाडा करण्यापूर्वी ऐकावे, आणि एकदा केलेला निवाडा पुन्हा तपासून पाहण्यास भिऊ नये. आईबापांनी मुलांच्या शेजारी बसून त्यांचे एक गाणे संपेपर्यंत ऐकावे; मुलांनीही आजीच्या जुन्या भक्तिगीतास तितकाच वेळ द्यावा. रात्रीच्या रोझरीला एकत्र बसणाऱ्या कुटुंबास एवढे ऐकून घेणे जड जाऊ नये.