खोडदच्या विज्ञान मेळ्यात मोबाइल बंद का ठेवायला लावतात?

आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की पहिला प्रश्न असतो, 'वायफाय आहे का?' पण महाराष्ट्रात एक मेळा असा आहे जिथे गेल्या गेल्या फोन बंद करायला सांगतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात भरणारा विज्ञान मेळा. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास ही वेधशाळा सगळ्यांसाठी खुली असते. शाळेची पोरं येतात, कॉलेजवाले येतात, आजूबाजूच्या गावांतले आजी-आजोबाही येतात.

विज्ञान दिनाचं थोडक्यात सांगतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांनी 'रामन परिणाम' शोधला, म्हणून ही तारीख. १९८७ पासून हा दिवस साजरा होतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली आयुका त्या दिवशी लोकांसाठी दारं उघडते. (तिथलं मुलांचं विज्ञान केंद्र पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभं राहिलं. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. पुलंचं नाव आणि ताऱ्याचं नाव, दोन्ही एकात!) त्याच आवारात एनसीआरए आहे. ही टीआयएफआर या अभिमत विद्यापीठाची संस्था, आणि खोडदची दुर्बीण तीच चालवते.

आता फोनकडे येऊ.

ही दुर्बीण डोळ्यांना दिसणारा प्रकाश पकडत नाही, रेडिओ लहरी पकडते. आणि तुमचा फोन रेडिओ लहरींवरच चालतो. दुर्बिणीचा एक पट्टा साधारण ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. ५जीसाठी वापरला जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा बँड नेमका त्यात बसतो. म्हणजे आकाशगंगा ज्या 'चॅनल'वर बोलतेय, त्याच चॅनलवर आपण रील्स बघतोय.

बरं, फोनचा आवाज किती मोठा? मी कागदावर गणित केलं. एक वॉटचा जुना २जी फोन चंद्रावर ठेवून चालू केला, तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. फोन आणि पृथ्वी यांच्यात पावणेचार लाख किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असताना ही गत, मग दुर्बिणीखाली उभ्या माणसाच्या खिशातल्या फोनचं काय होणार? जानेवारी २०२३ मध्ये याच दुर्बिणीने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश पकडल्याचं जाहीर झालं. तो संदेश तिथून निघाला तेव्हा आपली पृथ्वी तयारसुद्धा झाली नव्हती. इतकी कुजबुज ऐकायची तर शेजारी कोणी ओरडून चालत नाही.

आणि फ्लाइट मोड? त्याने सिम, वायफाय, ब्लूटूथ गप्प होतात, पण आतल्या प्रोसेसरचं घड्याळ टिकटिकत राहतं आणि तेही थोड्या लहरी सांडतं. म्हणून पूर्ण बंद केलेला बरा.

दुर्बीण पाहिली की पहिल्यांदा 'अरे, ही तर नुसती जाळी!' असंच वाटतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या. कारण साधं आहे. हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटर लांब. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्यासाठी तो आरसाच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे तबकडी हलकी आणि स्वस्त होते. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना मला इंजिनिअर म्हणून आजही भारी वाटते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला असते ती जाळीही याच तत्त्वावर काम करते.

तीस तबकड्या का? त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. एकच लहर वेगवेगळ्या तबकड्यांवर वेगवेगळ्या क्षणी पोहोचते, फरक फार तर ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास. कॉम्प्युटर तो फरक भरून काढून दोन-दोन तबकड्यांचे संदेश ताडून पाहतो, एकूण ४३५ जोड्या. यातून २५ किलोमीटर रुंद दुर्बिणीइतका बारकावा मिळतो. तुमच्या फोनला दोन माइक असतात ना? आवाज कुठल्या माइकवर आधी आला, हे बघून तो गोंगाट वेगळा करतो. कल्पना तीच.

आता माझ्या गावाबद्दल. मी ब्राह्मणपुरीचा, शहादा तालुका. तिथून धुळे, नाशिक करत नारायणगावला उतरायचं आणि पुढे खोडद, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या वर. माझ्या अकरावीतल्या चुलतभावाने मागे विचारलं, "दादा, हे सगळं पुण्याकडंच का रे?" खरं सांगायचं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. खोडदही खेडंच आहे आणि तिथला मेळा माणसांनी भरतो, म्हणजे खेड्यात लोक येत नाहीत हे कारण चालणार नाही. जळगावच्या आपल्या विद्यापीठाकडे जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. दरवर्षी एका तालुक्याच्या गावी दोन दिवसांचा खुला मेळा घ्यायला दुर्बीण लागत नाही. टीआयएफआरचा 'चाय अँड व्हाय' हा उपक्रम मुंबईत एका नाट्यगृहात चहा पीत चालतो. आपल्याकडे शाळेच्या पटांगणात का नको?

तोपर्यंत घरी करण्यासारखं: फोन ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. मग तोच फोन स्टीलच्या डब्यात ठेवून बघा. डब्यात बहुतेक वेळा वाजतो, कारण झाकणाची फट. फट लांब असेल तर लहर आत शिरते. आमच्या भावाने सगळे डबे ओट्यावर मांडले तेव्हा काकू वैतागली, पण कुठला डबा 'गळतो' याची त्याच्याकडे आता यादी आहे.

विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी करत असाल तर 'रॅड ॲट होम' हा उपक्रम बघा. त्यात घरबसल्या जीएमआरटीची खरी निरीक्षणं तपासायला शिकवतात, इंटरनेट असलेला लॅपटॉप पुरतो. आणि खोडदला जाणार असाल तर फोटोचं आधीच विचारून घ्या. डिजिटल कॅमेराही गोंगाट करतो.