नवे ग्राफिक्स कार्ड, काळा पडदा

नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर आधी मॉनिटरची केबल पाहावी. जुन्या सवयीने ती मदरबोर्डलाच जोडली जाते. ती कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. दुसरे कारण वीज. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी जोडणी लागते, अनेकदा ६ किंवा ८ पिनांची. पंखा फिरतो म्हणजे वीज पुरेशी आहे, असे मुळीच समजू नये. चित्र फाटत असेल, तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये काढून नवा टाकावा. तरीही बिघाड राहिला, तर कार्ड दुसऱ्या संगणकात तपासावे; तिथेही तेच घडले, तर ते वॉरंटीत बदलून घ्यावे.