दातांवरील थर, रोगजंतू आणि वनस्पतींचे अर्क

अंबरनाथ पश्चिमेकडील शाळांतील मुले वालधुनीकाठचे इ. स. १०६० मधील शिवमंदिर पाहावयास जातात. पावसाळ्यात ओल्या दगडावर पाय घसरतो, तो केवळ शेवाळामुळे नव्हे. त्या बुळबुळीत थरात असंख्य सूक्ष्म जंतूंचीही वस्ती असते. अशा थरास जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात.

जंतू प्रथम पृष्ठभागास चिकटतात व नंतर आपल्याभोवती चिकट द्रव्याचे आवरण निर्माण करतात. आतील जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. शिवाय त्यांतील पुष्कळ जंतू मंदगतीने वाढत असल्यामुळे औषधाचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो. हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी दातांवरील कीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सिरक्याने बाहेरचे जंतू मरतात, आतले मात्र जगतात, असे त्यांना १६८४ च्या सुमारास आढळून आले.

मुलांच्या दातांवरील थर हे जैवपटलाचे नित्याचे उदाहरण होय. त्यातील काही जंतू साखरेपासून चिकट द्रव्य व आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात झिजून किडतो.

आपल्याकडे बाभूळ व कडुनिंब यांच्या काडीने दात घासण्याची चाल जुनी आहे. काडीच्या कुंचल्याने थर खरवडला जातो, हा तिचा मुख्य लाभ. बाभळीच्या सालीतील टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. लसणीतील काही द्रव्ये जंतूंचे परस्परांतील रासायनिक संकेत रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. जखमेवर हळद लावण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले.

तथापि एक भेद शिक्षकांनी ध्यानी धरावा. ती पद्धत जुनी आहे, एवढेच त्या निकालाने ठरले. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असे ठरले नाही. काचेच्या बशीत जंतू मारणारा अर्क शरीरात तसेच कार्य करील, असे नाही. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व पोटातून रक्तात अत्यल्प जाते. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने लहान बालकांना गंभीर विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत.

वर्गात पुढील कृती करावी. पिण्याच्या पाण्याचे भांडे रिकामे करून मुलांना स्वच्छ बोटाने आतील बाजू चाचपावयास सांगावे. नुसते पाणी फिरवून पुन्हा पाहावे. नंतर भांडे घासून, धुऊन पाहावे. थर घासल्याशिवाय निघत नाही, हे मुलांना स्वतःच कळून येईल. दातांचेही तसेच आहे.

दररोज दोन वेळा दात घासणे व गोड कमी खाणे, ही सवय प्रथम लावावी. मुलाच्या अंगावर पू धरलेला फोड, पसरणारी लाली, ताप किंवा हिरडीला सूज दिसल्यास पाल्याने लेप लावून वाट पाहू नये, असे पालकांना स्पष्ट सांगावे व मुलास त्वरित आरोग्य केंद्रात पाठवावे.